बटण न दाबणारे लालभाऊ

लालभाऊंचं बोट 'पुन्हा चालवा' या बटणावर कधी जात नसे. चंद्रपुरातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आम्ही बाकी सगळे ते दिवसातून दहादा दाबायचो. प्रोग्राममध्ये काही बदललं की मशीन आपोआप शंभरेक टेस्ट चालवी. पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. काही टेस्ट मात्र लहरी. कुणी कशाला हात लावलेला नसतानाही सकाळी हिरव्या, दुपारी लाल. आम्ही त्या हिरव्या होईपर्यंत चालवायचो. भाऊ लाल टेस्टपाशीच ठाण मांडून बसायचे, म्हणून हे नाव.

"लाल झाली त काऊन झाली, ते पाह्य ना बे," ते म्हणायचे. "पोराचा ताप सकाळी उतरला, म्हणून दवाखान्यात न्याचंच नाई का?"

ते तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातले. जाळं रिकामं आलं की त्यांचे वडील एकेक गाठ तपासत म्हणे. भाऊ तसेच एकेक ओळ चाचपत बसत. भांडण झालं तरी डब्यातली मासोळी वाटल्याशिवाय जेवत नसत. माझं काम त्यांच्यामुळे अडायचं, आणि तरी मला ते फार आवडायचे.

आमचा प्रोग्राम सापाच्या विषावरची इंजेक्शनं कुठल्या आरोग्य केंद्रात किती शिल्लक आहेत, हे फोनवर दाखवायचा. दोन केंद्रांनी एकाच वेळी आकडा बदलला तर बरोबर आकडा दिसतो का, ही टेस्ट सगळ्यांत लहरी. भाऊ तीन आठवडे तिच्या मागे होते. भाताच्या रोवणीत साप फार चावतात, त्याआधी प्रोग्राम सुरू व्हायलाच हवा होता. शेवटच्या दुपारी ती पुन्हा लाल आली. सगळे खोळंबले होते.

"दाबा ना भाऊ एक डाव, भूक लागून राह्यली," मी म्हणालो. सगळे हसले. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. टेस्ट हिरवी झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या, त्याची आजही लाज वाटते.

रोवणीत अहेरीकडच्या एका बाईला साप चावला. फोनवर जवळच्या केंद्रात चार इंजेक्शनं दिसत होती, म्हणून घरच्यांनी तिला तिकडे नेलं. तिथलं कपाट रिकामं होतं. पुढच्या केंद्राकडे नेताना वाटेतच ती गेली.

बातमी आल्यापासून आठ दिवस भाऊ ती एकच टेस्ट चालवत राहिले. दर वेळी हिरवी. "एक डाव तरी लाल हो ना, माय," ते पडद्याला विनवत होते. ती झाली नाही. दोष आमच्या प्रोग्रामचा होता की कुणी आकडाच चुकीचा भरला होता, ते कधीच कळलं नाही.

नवव्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. ते पिशवी भरत असताना मी जवळ गेलो. "भाऊ, चूक मायी बी हाय," म्हणालो. खरं सांगायचं तर, "नाई रे बापा" एवढं ऐकायलाच गेलो होतो.

"हाय ना," ते म्हणाले. "तुयी बी हाय."

आणि जिना उतरून गेले.