मॅनेजरच्या बाजूचे सेक्रेटरीकाका

जगात कुठेही, काहीही बिघडलं तरी त्यात मॅनेजरची चूक नसते, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला भेटला, आणि माझं नशीब असं की कोलशेतच्या ज्या सोसायटीत मी मॅनेजर म्हणून लागलो, तिचेच ते सेक्रेटरी निघाले. मॅनेजर हे नुसतं नाव. पंप चालू करणं, टँकर बोलावणं, वॉचमन झोपला तर त्याला उठवणं आणि तो आलाच नाही तर त्याच्या खुर्चीत बसणं, हे सगळं माझंच. नववीत शाळा सुटलेल्या, परभणीकडून आलेल्या माणसाला पंपाशेजारची खोली आणि असं भारदस्त नाव कोण देतो? काकांनी दिलं. मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारलेला, टीम हरली तर पहिलं कोणाला काढायचं? मला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. घाबरून म्हटलं, कोणालाच नको, साहेब. तिथल्या तिथे नोकरी पक्की.

काकांचा क्लब इंग्लंडात. स्वतः काकांनी पुण्यापलीकडचं जग पाहिलेलं नाही, पण त्या क्लबची लाल जर्सी पायजम्यावर घालून ते भाजी आणायला जातात, आणि क्लब हरला की दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा करत नाहीत. हरण्याचं कारण त्यांच्याकडे कायम तयार असतं, ते म्हणजे वर बसलेले लोक. खेळाडू त्यांनी निवडायचे, चुकीचे निवडायचे, आणि चार मॅच गेल्या की मॅनेजरच्या हातात नारळ द्यायचा. घरातही हाच न्याय. काकूंची आमटी खारट झाली तर मीठ आणणाऱ्याला, म्हणजे स्वतःलाच, बोल लावतात. काकू म्हणतात, असा नवरा मिळायला भाग्य लागतं, पण दमायला होतं हो. एकदा मला ठाण्यात हंडी बघायला घेऊन गेलेले. थर कोसळला, सगळे वरच्या गोविंदाला हसायला लागले, आणि काका मात्र दोरी एवढी वर बांधली कोणी, असं विचारत गर्दीतून आयोजकांना शोधत फिरले. मागे मी, त्यांची पिशवी सांभाळत.

रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात वाद रंगायचा. समोर खजिनदार, बी विंगचा आयटीवाला तरुण, त्याच क्लबचा भक्त, पण मत नेमकं उलटं. त्याचं म्हणणं, वर बसलेल्या बोर्डाने पैसा ओतला, आता निकाल मॅनेजरने द्यायचा, जमत नसेल तर दुसरा बघा. काका विचारायचे, तो स्ट्रायकर घेतला कोणी? तो विचारायचा, खेळवला कोणी? मी चहा देता देता दोघांनाही मान डोलवायचो. पुढे क्लबने खरंच एका मॅनेजरला काढलं. माणसाला असं घालवायचं नसतं, रीतसर निरोप समारंभ झाला पाहिजे, असं काकांनी ठरवलं. टेबलावर त्याचा फोटो, पुढे शाल आणि श्रीफळ. उत्सवमूर्ती हजर नसल्यामुळे हार काकांनी फोटोलाच घातला, आणि काकूंनी सवयीने उदबत्ती लावली. थोड्याच वेळात ए विंगच्या आजी हात जोडून दारात उभ्या. वय काय होतं, असं त्यांनी हळूच विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, "वय फार नव्हतं हो. बोर्डाने घालवला." आजी बोर्डाला शिव्या देत घरी गेल्या.

मग मे महिन्यात पंप जळला. दोन दिवस नळ कोरडे, टँकरवाले फोन उचलेनात. पंप म्हातारा झालाय, बदलू या, असं मी आधीच सांगितलेलं, आणि अजून एक वर्ष काढेल, असं म्हणून काकांनीच तो विषय पुढे ढकललेला. पण रिकामी बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे कोण सांगणार? ग्रुपवर 'मॅनेजर बदला' सुरू झालं. सभा बोलावली गेली. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नोकरी गेली तर खोलीही जाणार, आणि गावाकडे मुलगी दहावीत चाललेली, तिचं सगळं माझ्या पगारावर. काकूंनी पाठवलेली चपाती तशीच झाकून ठेवली आणि सभेला गेलो.

सभेत खजिनदार उठला आणि शांतपणे रविवारचंच बोलला. निकाल दिसत नाही, दुसरा बघू. मनाचा वाईट नाही तो. घरात तान्हं बाळ आणि पाण्याचा थेंब नाही, माणूस बोलणारच. काका खाली मान घालून बसलेले. मला वाटलं, संपलं आपलं. तेवढ्यात ते उठले. त्या दिवशी अंगात साधा शर्ट होता, आणि त्यात ते एकदम बारीक दिसत होते.

"पंप बदलायचा नाही, हे ठरवलं कोणी?"

काकांनी सभेभर नजर फिरवली.

"मी ठरवलं. मग याला का काढताय?"

"काका, हे फुटबॉल नाहीये," खजिनदार म्हणाला.

"नाहीच आहे. तिथे काढलेल्याला भरपाई तरी मिळते. याला आपण काय देणार, टँकर?"

लोक हसले, काका हसले नाहीत. त्यांनी खिशातून ऑफिसच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, सेक्रेटरी बदला, मॅनेजर राहील. सगळ्यांनी समजावलं, काका, एवढं कशाला, खजिनदारानेसुद्धा हात धरला. ते ऐकेनात. "जन्मभर दुसऱ्यांच्या बोर्डाला शिव्या दिल्या," ते म्हणाले, "आता आपली पाळी आली तर खुर्ची धरून बसू?"

आता खजिनदारच सेक्रेटरी आहे. नवा पंप आला, मी आहे तिथेच आहे. रविवारी माझ्याशी मॅचबद्दल बोलताना तो बोर्डाच्या बाजूने पूर्वीसारखा जोर लावत नाही. वर बसल्यावर खालचं काय काय दिसतं, ते त्याला कळलं असावं. काका ऑफिसात फिरकत नाहीत. बोलवायला गेलो तर म्हणतात, नवीन माणसाला मोकळेपणी खेळू दे रे.

परवा त्यांच्या क्लबने पुन्हा एक मॅनेजर काढला. मला वाटलं, आता काका पेटणार. पण ते खाली आले आणि माझ्या खोलीबाहेरच्या कट्ट्यावर नुसते बसले.

"काढल्यावर जातात कुठे रे ही माणसं?"

मी म्हटलं, "गावाला जात असतील."

"हां. गाव असलं तर बरं."

काकांना गाव नाही. जन्म ठाण्याचा, शाळा ठाण्याची, नोकरी इथेच कोलशेतच्या एका कंपनीत. दिवाळीत मी त्यांना आणि काकूंना माझ्या गावी नेणार आहे. तिकिटं काढून ठेवलीत. काकू हो म्हणाल्यात. काकांना कसं विचारायचं, तेवढं अजून जमलेलं नाही.