मोठी माय कोकरामागं चालली तेव्हा

मोठ्या मायच्या तुलेला गूळ कमी पडला आणि देवळातली सगळी माणसं हसली.

मी तेव्हा पाच-सहा वर्षांची. मीही हसले.

आज चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तिच्या पुण्यतिथीला, त्याचं वाईट वाटतं. म्हणून एका बोटानं हे टाइप करतेय. चुका पोटात घाला.

मोठी माय म्हणजे माझी थोरली चुलती, द्वारकाबाई. गाव हिंगोलीकडचं, डोंगरकड्याच्या बाजूचं, राज्य निजामाचं.

तिला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला होता. वाचली तर गुळानं तोलू, असा आजीनं मारुतीला नवस बोलला. ती वाचली.

मग कित्येक महिने तिला कुणी खाटेवरून उठूच दिलं नाही. शिरा, तूप, दूध, आणि वर पुन्हा झोप. सगळं प्रेमानं. पाय दुबळे झाले, अंग वाढत गेलं.

नवस फेडायला आम्ही वर्ष लावलं. गूळ मात्र आजीनं आजारातून उठलेल्या, वाळलेल्या सुनेच्या अंदाजानं आणला होता.

हसण्याचं एक वेळ सोडा. दिवस वाईट होते, निजामाच्या माणसांची लूटमार, जाळपोळ चालू होती. आसपासची माणसं गाव सोडून निजामाच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात जात होती. त्याच संध्याकाळी आजी चुलीपाशी बोलून गेली,

"पळायची येळ आली त हिला कोन उचलून नेईल?"

मोठी माय दाराआड उभी होती. तिनं ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून उपास सुरू. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या. देवाचं नाव पुढं केलं की सुनेला कोण अडवणार? उपासाला शेंगदाण्याचे लाडू नि भगर, आणि सोडताना दुप्पट जेवण. अंग तसूभर कमी झालं नाही. मग लाडूही बंद केले. रोज नुसतं पाणी.

पाचव्या दिवशी विहिरीवर चक्कर येऊन पडली. काठाच्या आत पडली असती तर ही पोस्ट तेवढ्यावरच संपली असती.

तेव्हा आमच्या शेतात धोंडिबा धनगराची मेंढरं बसायला होती, खतासाठी. धोंडिबा मोडलेले पाय बसवायचा, शेळीचा असो की माणसाचा. आजोबांनी त्याला बोलावलं.

घरंदाज बाईच्या गुडघ्याला तो हात कसा लावणार? तो अंगणात लांब बसला, आणि कुठं दाबायचं ते आजीला सांगत राहिला. इथं दुखतं का, तिथं दुखतं का. मोठी माय पदराआडून मान हलवायची.

शेवटी म्हणाला, "हाड बराबर हाय. मांडीत जोर न्हाई ऱ्हायला. आन उपास बंद करा. उपाशी मेंढी चालत न्हाई, बसते."

मग त्यानं सांगितलं, ओट्याच्या कडेला बसून एकेक पाय सरळ करायचा, दहा श्वास होईपर्यंत तसाच धरायचा, सोडायचा. सकाळी आणि दिवेलागणीला. भाकरी दोन्ही वेळा खायची, भाजीसंगं, तूप थोडं.

आणि जाताना त्यानं आई मेलेलं एक कोकरू तिच्या पुढ्यात ठेवलं.

"हे चाललं की चालायचं, बसलं की बसायचं. याच्या म्होरं जायचं न्हाई."

धोंडिबाची अक्कल बघा. देशमुखाच्या घरातली बाई उगीच शिवारात हिंडली तर गाव बोलणार. कोकरू चारायला गेली तर कोण काय बोलणार?

पहिल्या दिवशी दोघं गोठ्यापर्यंत गेली. कोकरू बसलं, मोठी माय बसली. उठताना तिला मी हात दिला. महिन्यानं ओढ्यापर्यंत. कोकराचे पाय लांबत गेले तशी तिची वाट लांबत गेली. घाई करायची सोयच नव्हती, आणि कंटाळा करायचीही. कोकरू दारात बेंबाटायचं.

माझी नात हिंगोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "आजी, आम्ही पेशंटला हेच सांगतो. आधी ताकद, मग चाल, हळूहळू वाढवत. आणि उपाशी राहू नका." माझ्या फोनवर रोज आठवड्यात पोट गायब करणाऱ्यांच्या जाहिराती येतात. त्यांच्या दारात धोंडिबाचं कोकरू बांधावंसं वाटतं.

मोठी माय बारीक कधीच झाली नाही, हेही सांगते. पण दंडातल्या रुतलेल्या वाक्या सैल झाल्या. खाली मांडी घालून ती भाकरी थापू लागली. वर्षानं कोकराची मेंढी झाली आणि धोंडिबाच्या कळपात परत गेली. मोठी माय चालतच राहिली.

आणि एका पहाटे आम्हाला खरंच गाव सोडावं लागलं.

वाट आडवळणाची, गाडी जाणार नाही अशी. पैनगंगेपलीकडं वऱ्हाड, दोन दिवसांची चाल. आजोबांनी मोठ्या मायकडं एकदाच पाहिलं. ती गाठोडं घेऊन पुढं झाली.

दुसऱ्या दिवशी नदीच्या वाळूत माझे पाय फोडांनी सुजले. मी बसकण मारली. आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता, पुरुषांच्या डोक्यावर ओझी.

मोठी माय माझ्या शेजारी खाली बसली.

सगळे थांबले. संपलं हिचं, असंच सगळ्यांना वाटलं. आजी तर रडायलाच लागली.

मोठी माय शांतपणे म्हणाली, "मी थकले न्हाई. लेकरू बसलं म्हणून बसले."

थोडा दम खाल्ला. गाठोडं आजीकडं दिलं. मला पाठीवर घेतलं, एक हात वाळूत टेकला आणि उठली.

हिला कोण उचलून नेणार, अशी ज्या बाईची काळजी होती, तिनं मला उचलून नदी पार केली.

पलीकडं पोचल्यावर आजीनं तिचे पाय दाबले. सासूनं सुनेचे. आमच्या घरात तसं पुन्हा कधी झालं नाही.

मोठी माय, देवळात हसले होते त्याची माफी तुझ्याजवळ मागायची राहूनच गेली. आज मागते.

सकाळी ओट्यावर बसून दोन्ही पाय दहा-दहा श्वास धरले. गुडघे दुखतात, पण उठता येतं.

तुझ्या पाठीवरच्या लेकराचा तुला नमस्कार.