अपोझिट म्हणजे समोर

इंग्रजीत मला एकाच गोष्टीत दहापैकी दहा मिळायचे, अपोझिट शब्दांत. साताऱ्याकडच्या आमच्या शाळेत बाई टेबलावर छडी आपटून एक शब्द म्हणायच्या आणि अख्खा वर्ग त्याच्या विरुद्ध शब्द ओरडायचा. डे, नाइट. हॉट, कोल्ड. ईस्ट, वेस्ट! बाकी इंग्रजीच्या नावानं बोंब, पण अपोझिट म्हणजे विरुद्ध, हे मी झोपेतही सांगितलं असतं. याच हुशारीनं पुढे माझी नोकरी लागण्याआधीच घालवायची वेळ आणली.

तेव्हा आम्ही शहाडला नवीनच राहायला आलेलो. नवऱ्याची मानपाड्याची कंपनी बंद पडलेली, तो कामासाठी दारोदार उंबरे झिजवत होता, मुलगी सातवीत. मला कुठंतरी चिकटणं भागच होतं. शेजारणीनं डोंबिवलीतल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे शब्द टाकला. त्यांचा फोन आला तो घाईतलाच. "डोंबिवली ईस्ट, अपोझिट स्टेशन, दुसरा मजला. उद्या अकराला या. उशीर केलेला मला चालत नाही."

मी कागदावर लिहून घेतलं आणि अर्थ लावत बसले. ईस्ट, अपोझिट. ईस्टच्या विरुद्ध काय? वेस्ट! मग त्या सरळ वेस्ट का म्हणाल्या नाहीत, हा प्रश्न मला पडायला हवा होता की नाही? नाही पडला. मोठी माणसं इंग्रजीत असंच फिरवून बोलत असतील, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच डोंबिवलीला पोचले आणि ताठ मानेनं वेस्टला बाहेर पडले. दातांचा दवाखाना विचारत एका चष्म्याच्या दुकानात शिरले, मग कुठल्याशा क्लासमध्ये. फोन लावला तर कुणी उचलेना. अकराला पाच मिनिटं कमी होती. पुलाच्या पायथ्याशी उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगणार होते? पत्ता सापडला नाही म्हणून?

"काय झाला गो बाय?"

पायथ्याशी एक फुलवाली बसलेली होती, पन्नाशीची. मी तिच्यापुढे कागद धरला. "मला नाय वाचता येत, तू वाच," ती म्हणाली. मी वाचून दाखवला तर ती चक्क हसायला लागली. असा राग आला मला!

"इथं माझा जीव चाललाय आणि तुम्ही हसताय?"

"अगो, अपोझिट म्हंजे समोर. पुलाच्या पलीकडं, ईस्टला. टेशनाच्या समोर."

"शाळेत शिकलेय मी, अपोझिट म्हणजे विरुद्ध," मी हट्टानं म्हटलं. दहापैकी दहा मिळवलेले ना!

"असंल तुझ्या शालेत. इथं समोर."

तिनं फुलांवर ओलं फडकं टाकलं, बाजूच्या लिंबूवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं, माझं मनगट धरलं आणि मला पुलावरून ओढतच नेलं. सकाळची वेळ, धंद्याची. चालता चालता मी विचारलं, "तुम्हाला इंग्रजी येतं?"

"कुठला येतंय! पन तुझ्यासारखी चुकलेली मानसा माझ्यापुढंच येऊन रडतात. त्यात येक शब्द शिकले."

ईस्टला बाहेर पडलो तर दवाखान्याची पाटी नाकासमोर. मी वळून काही बोलणार, तोवर ती पुलाकडे निघालीसुद्धा.

वीस मिनिटं उशीर झालेला. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. थाप मारायची माझी ताकद उरली नव्हती. शाळेपासून फुलवालीपर्यंत सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता हसतील आणि वाटेला लावतील. त्या हसल्या नाहीत.

"खरंच असं वाटू शकतं कुणाला?"

"मॅडम, मला वाटलं की."

"तरीच," त्या म्हणाल्या. "येतो येतो म्हणून कितीतरी पेशंट येतच नाहीत. उद्यापासून फोन तुम्ही घ्या."

नवरा पुढे कामाला लागला, मुलगी कॉलेजात गेली, पण माझी खुर्ची तीच आहे. फोनवर मी अपोझिट हा शब्द उच्चारत नाही. "ईस्टला बाहेर पडा, समोर बघा, पाटी दिसेल," एवढंच सांगते. आठवड्यातून एकदा वाट वाकडी करून पुलापलीकडे जाते आणि तिच्याकडून अबोलीची वेणी घेते. तिनं माझं नावच ठेवलंय, अपोझिट. लिंबूवालाही त्याच नावानं हाक मारतो. मारू दे. त्या दिवशी ती फुलांपाशीच बसून राहिली असती तर मी रडत शहाडला परतले असते, आणि पुन्हा कुठं विचारायला गेले नसते. तिचे उपकार मी जन्मात विसरायची नाही.

परवाच एका बाईंचा फोन आला, रडवेल्या आवाजात. जावेनं त्यांना आमच्या दवाखान्याचा पत्ता सांगितलेला, अपोझिट स्टेशन. "मॅडम, मला काही कळत नाहीये. इथं पुलाखाली एक फुलवाली बसलीय..."

"त्यांना फोन द्या," मी म्हटलं.

जरा खुडबुड झाली आणि तोच आवाज आला. "काय गो अपोझिट! तुझी आनखी येक बहीन आलीय बघ. थांब, आनून सोडते."

पेशंटचं रजिस्टर मिटून मी उठलेच होते.

"तुम्ही फुलांपाशी बसा," मी म्हटलं. "या खेपेला मी येते."