कानियोचं पांढरं खेचर

पाठीवर लाकडाची मोळी घेऊन वाकलेला माणूस, आणि त्याच्या शेजारी रिकाम्या पाठीने डुलत चाललेलं धडधाकट खेचर! असं ध्यान जगात कुठे पाहिलंय? आमच्या रोक्कास्पिना गावात ते रोज सकाळी वेशीतून आत यायचं. माझी पावाची भट्टी वेशीला लागूनच, त्यामुळे दिवसाचं पहिलं दर्शन मलाच.

"काय रे कानियो," मी ओरडायची, "तिला थकवा आला असेल, तिलाही घे की खांद्यावर!"

"तू तुझे पाव बघ, दोनाता. जळतायत."

जळत काही नसायचे. पण मी आत वळून बघायची, आणि तेवढ्यात तो निघून जायचा. लबाड!

त्या खेचराचं नाव कोंतेस्सा, म्हणजे सरदारीणबाई. नखशिखांत पांढरी. आमच्याकडे नवा बिशप पहिल्यांदा गावात येतो तो वेशीतून, पांढऱ्या खेचरावर बसून. लगाम धरायचा मान कानियोच्या घराण्याचा, म्हणून कोंतेस्सा त्याने त्यासाठीच राखलेली. अशा रीतीने जो आत आला, तोच कॅथेड्रलमधल्या दगडी खुर्चीवर बसणार. बाकी कुणीही असो, त्याने समोर उभं राहून प्रार्थना करावी आणि आल्या वाटेने जावं.

त्या खुर्चीच्या हातांना सिंहांची तोंडं आहेत, शतकानुशतकं हात फिरून नाकं झिजलेली. प्लेगात गाव ओस पडलं तेव्हा एक बिशप मागे राहिले, आजाऱ्यांना स्वतःच्या हाताने पाणी पाजत फिरले, आणि शेवटी ताप अंगात घेऊन ह्याच खुर्चीत येऊन बसले ते उठलेच नाहीत. माझी आई लहानपणी मला त्या खुर्चीपुढे न्यायची तेव्हा माझे पाय लटपटायचे. अजूनही लटपटतात. खोटं कशाला बोलू?

पण आमचे शेवटचे बिशप वारले, आणि नवे आलेच नाहीत. आज येतील, उद्या येतील करता करता आमच्या पिढीचे केस पिकले. मग वरून हुकूम आला की एवढ्याशा डोंगरावरच्या गावाला वेगळा धर्मप्रांत कशाला? आम्हाला खालच्या वाल्मोराला जोडून टाकलं. बिशप राहणार तिकडे. तिकडे स्टेशन आहे, बाजार आहे, दवाखाना आहे. आमच्याकडे काय, वारा आणि म्हातारे.

कानियोला हे सांगायला मीच गेले होते. तो कोंतेस्साचे खूर घासत होता.

"ऐकलंस का? आता बिशप येत नाही कोणी."

"येईल," तो म्हणाला.

"अरे, पण गावाचा बिशपच राहिला नाही!"

"खुर्ची आहे ना? मग बसणाराही येईल."

कपाळावर हात मारून मी परत आले. ह्या वेडापायी त्याचं लग्नही झालं नाही. मुलीकडचे यायचे, घर बघायचे, आणि म्हणायचे की इथे खेचराला नवा पेंढा आणि माणसाला जुनी घोंगडी. कोण देईल मुलगी?

दरवर्षी गावच्या संताच्या सणाला तो तिच्यावर खोगीर चढवायचा, त्यावर तांबडी मखमल घालायचा, आणि रिकामीच तिला वेशीपासून कॅथेड्रलच्या पायऱ्यांपर्यंत चालवायचा. का, तर तिने वाट विसरू नये म्हणून. गावातली टवाळ मंडळी टोप्या काढून रिकाम्या खोगिराला मुजरे करायची. कानियो मान ताठ ठेवून चालायचा.

मग खबर आली की वाल्मोराला नवे बिशप आलेत आणि ते आमच्याकडे येणार आहेत. पाठोपाठ दुसरी खबर. खुर्ची खाली न्यायची, तिथल्या संग्रहालयात ठेवायची, असं तिथल्या मंडळींच्या मनात आहे. जिच्यावर कोणी बसत नाही ती खुर्ची कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमची खुर्ची काचेच्या मागे? तिकीट काढून बघायची? कानियोने मात्र खेचरावर चढताना पाय ठेवायचा वेशीजवळचा दगड पाण्याने धुतला, आणि तिथेच बसून रडला.

बिशप आले ते मोटारीतून. सडपातळ, चष्मेवाले, कोळ्याच्या घरातले. बरोबर सेक्रेटरी फादर, सारखे घड्याळ बघणारे. सारं गाव वेशीत जमलेलं. मध्ये कानियो, बापाचा काळा कोट घालून, हातात लगाम. मोटार थांबली.

बिशप उतरले. कोंतेस्साकडे बघून हसले. "हीच का ती? मला होडी कळते हो, खेचर नाही कळत. पण रीत ती रीत." आणि त्यांनी दगडावर पाय ठेवून खोगिराला हात घातला.

कानियोचा चेहरा पांढराफटक पडला. "थांबा, स्वामी!"

"काय झालं?"

"हिच्यावर... हिच्यावर आजवर कोणी बसलेलं नाही."

क्षणभर कुणाला काही उमजेना. मग उमजलं. पूर्वीच्या काळी जमीनदाराच्या तबेल्यातून शिकवलेलं खेचर यायचं. जमीनदार गेले, तबेले गेले, आणि कानियोने शिंगरू आणून वाढवलं. खरारा केला, सजवलं, वाट दाखवली. पण पाठीवर माणूस घ्यायला शिकवलंच नाही! शिकवायचं तर आधी कुणीतरी बसायला हवं, आणि बिशपच्या जागी बसायची त्याची छाती कशी होणार? गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. मी मनात म्हटलं, मेल्या, आयुष्यभर हे पोटात ठेवलंस, आज नेमकं तोंड उघडायचं होतं?

"मग प्रश्नच मिटला," सेक्रेटरी म्हणाले. "हाडं मोडून घ्यायची आहेत का? स्वामी, गाडीत बसा."

म्हणजे संपलं. खुर्ची गेली.

बिशप हलले नाहीत. "कोणीच नाही? कधीच नाही?"

"तुमच्याआधी कोण बसणार, स्वामी?"

बिशपांनी डोक्यावरची टोपी काढली. मग हळू म्हणाले, "यरुशलेमला जाताना प्रभूने असंच मागितलं होतं. ज्यावर कधी कोणी माणूस बसला नाही असं शिंगरू. प्रभूला त्या शिंगराने पाडलं नाही. हिने मला पाडलं, तर मी कोण तेही कळेल." त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि ते चढले.

कोंतेस्साच्या सगळ्या कातडीवरून थरार गेला. कान मागे पडले, मागचा पाय उचलला गेला. पुढची माणसं भिंतीला चिकटली. कानियोने लगाम ओढला नाही. त्याने तिच्या मानेला कपाळ टेकलं. मी हाताच्या अंतरावर होते, मला ऐकू आलं.

"चल बाई. नेहमीचीच वाट आहे."

तिने पाय खाली ठेवला. आणि चालू लागली.

देवाशप्पथ सांगते, त्या चढाच्या गल्लीत एकही माणूस ओरडला नाही. टाळी नाही, जयजयकार नाही. नुसते दगडावर खूर वाजत होते. बिशपांनी दोन्ही हातांनी आयाळ घट्ट धरली होती, ओठ हलत होते. मुजरे करणारी ती टवाळ मंडळी गुडघ्यांवर होती. मीही कधी टेकले कळलंच नाही, हात पिठाने भरलेले, आणि डोळ्यांना धारा. असं काही ह्या जन्मात बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

पायऱ्यांशी बिशप उतरले तेव्हा त्यांचे पाय माझ्यासारखेच लटपटत होते. कानियोच्या खांद्याचा आधार घेऊन ते आत गेले आणि खुर्चीवर बसले. सिंहांच्या झिजल्या नाकांवर हात ठेवून म्हणाले, "ही इथून हलणार नाही." सेक्रेटरींनी घड्याळाकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव काढत होते. वेशीतून कानियो आला. पाठीवर मोळी, आणि शेजारी कोंतेस्सा, रिकामी.

"अरे वेड्या!" मी ओरडले. "झालं ना आता सगळं! आता तरी टाक की तिच्यावर!"

तो थांबला. मोळीखालून मान वर करून त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले.

"आता?" तो म्हणाला. "दोनाता, आता तर मुळीच नाही."