तळातला पेढा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही वस्तू पहिल्या फटक्यात पास केलेली नाही, आणि त्या वस्तूंमध्ये मीही आलो. मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये ते चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तिथे बोल्ट, गिअर आणि असलंच काय काय तयार व्हायचं, आणि प्रत्येक लॉट मामांच्या टेबलावरून पुढे जायचा. माल बरोबर असला तर मामा काहीच बोलत नसत. नसला तर लाल रंगाचा ब्रश उचलून एक फटकारा मारत आणि खोकं परत पाठवत. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, वर्कशॉपच्या जागी टॉवर उभा राहिला, तरी तो ब्रश मामांनी मनातून काही खाली ठेवलेला नाही.

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा रविवारी संध्याकाळी रीतसर भेटायचं ठरलं होतं. मामा त्याच्या तीन दिवस आधी, गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता, एकटेच आमच्या दारात हजर. मी बनियनवर, तोंडात टूथब्रश, आणि टाकीचं पाणी कोणी संपवलं यावरून आईशी वाद घालत होतो. मामा शांतपणे आत येऊन बसले, पाच मिनिटं आमचा वाद ऐकला आणि पाणी पिऊन निघून गेले. पुढे बायकोकडून कळलं, की घरी जाऊन ते म्हणाले होते, "मुलगा आईवर ओरडतो, पण बादली स्वतः भरतो. चालेल." मला पास करण्याची ही पद्धत मी नंतर त्यांना एकदा विचारलीच. त्यावर त्यांनी मला त्यांच्या धंद्यातला पहिला नियम ऐकवला: "सँपल समोरच्यानं दिलेलं घ्यायचं नाही, जावईबापू. वरचा थर तर कधीच नाही. खोक्याच्या तळातनं उचलायचं."

हा नियम मामा सगळीकडे लावत. भाजीवाली मामांना पाहिलं की टोमॅटोच्या पाटीवर आडवा हात ठेवी, कारण मामा कोपरापर्यंत हात घालून खालचा टोमॅटो काढत आणि वरचा डोंगर कोसळे. कुणी पेढे आणले की मामा वरचे सहा उचलून ताटलीत ठेवत आणि तळातला एक अर्धा करून वास घेत. पेढे आणणारा बिचारा परीक्षेला बसल्यासारखा बसून राही. सोसायटीने एकदा गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून घेतलं, तेव्हा कंत्राटदाराने दाखवलेला कोपरा सोडून मामा टाकीच्या मागे सरपटत गेले होते. आम्ही त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. पण काम तिथेच कच्चं निघालं, हेही सांगितलं पाहिजे.

या माणसाचं इन्स्पेक्शन करणारी जगात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे मामी. मामांना डायबिटीस झाला त्याला वीस वर्षं होऊन गेली. मामी त्यांच्या शर्टाचे खिसे तपासून मगच कपडे धुवायला टाकत, आणि चिक्कीचा कागद सापडला की तो ताटाशेजारी नीट घडी करून ठेवत. मामा मान खाली घालून जेवत. मामा मालवणकडचे, पण मुंबईत सगळ्यांशी अगदी पुस्तकी बोलत. गावची बोली फक्त दोन वेळा बाहेर यायची, मामींशी बोलताना आणि मन भरून आलं की. मामी गेल्या आणि ती बोली त्या घरात ऐकू येईनाशी झाली. खिसेही कोणी तपासेना.

मामांच्या फोनमध्ये साखरेची नोंद ठेवणारं एक ॲप मी घालून दिलं, त्यामागे ही काळजी होती. शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहत असलो तरी रोज जाऊन विचारणं मला जमत नव्हतं. ॲपचा मामला सोपा होता. रोज एकदा बोट टोचून साखर मोजायची आणि आकडा भरायचा. फोनमध्ये एक झाड होतं. आकडा हद्दीत असला की झाडाला पान फुटे, लागोपाठ सात दिवस हद्दीत असला की एक फळ लागे. आकडा जास्त आला की पान गळे आणि फांदीवरची चिमणी मान खाली घाले. चांगल्या आकड्याला एक बाई गोड आवाजात "शाब्बास" म्हणे. मला वाटलं होतं, मामा त्या झाडावर पहिल्याच दिवशी लाल फटकारा मारतील. पण मामा त्या झाडात अडकले ते अडकलेच. ते हापूसचं कलम आहे असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. सकाळी बागेत भेटणाऱ्या मंडळींना ते फोन काढून आंबे दाखवू लागले. दोघा-तिघांनी ईर्षेने तेच ॲप घेतलं, पण मामांच्या जवळपास कोणी पोचेना. मामांचा एकही दिवस चुकला नाही. एकशे बारा दिवसांत चौदा आंबे लागले, आणि ॲपने त्यांना 'सोनेरी माळी' अशी पदवी दिली. त्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावून बिनसाखरेचा चहा पाजला. बाई "शाब्बास" म्हणाली तेव्हा मामांचा चेहरा असा काही उजळला, की मला एकदम वाईट वाटलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांचा माल पास करणाऱ्या या माणसाला शाब्बास म्हणायचं आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

मग डोळा धूसर झाला. डाव्या डोळ्यासमोर कोळ्याचं जाळं आल्यासारखं दिसतं, असं मामा म्हणाले आणि मी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरबाई तरुण आणि मोजकं बोलणारी होती. तिने तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी करायला लावली. तो रिपोर्ट इतका वाईट आला, की तिने आधी नाव पुन्हा वाचून पाहिलं. मामांनी सोनेरी माळी तिच्यासमोर धरला. तिने फोन पाहिला, रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, घरचं मशीन नीट आहे ना. मामांना हा अपमान वाटला. त्यांनी लॅबच सदोष ठरवली आणि दुसऱ्या दिवशी दोन वेगळ्या लॅबमध्ये रक्त दिलं. दोन्ही रिपोर्ट पहिल्यासारखेच आले. डॉक्टरबाईने स्पष्ट सांगितलं, की गोळ्या आजवर घरच्या आकड्यांवरच ठरवल्या होत्या आणि आकडेच फसवे असतील तर डोळ्याच्या मागचं नुकसान थांबणार नाही. डावा डोळा पुरता सुधारेल असं नाही, उजवा तरी वाचवायचा आहे.

परतताना आम्ही रिक्षा केली. मी त्यांचा फोन घेऊन मागचे आकडे वर-खाली करत होतो, तेव्हा मला ते दिसलं. आकडे सगळे खरे होते, एकही खोटा भरलेला नव्हता. पण प्रत्येक आकड्याची वेळ संध्याकाळी साडेपाचच्या आसपासची होती. दुपारचं जेवण उतरलेलं, तासभर चालणं झालेलं आणि चहा-खाणं अजून व्हायचं, अशी ती वेळ. लग्नाच्या पंगतीच्या दिवशीही साडेपाच, गणपतीतही साडेपाच. सुरुवातीचे दोन आठवडे वेळा इकडेतिकडे होत्या, पानं गळत होती. मग मामांना ती वेळ सापडली असावी. बोलावं की नाही, माझं धाडस होईना. मी फोन नुसता त्यांच्या हातात दिला आणि वेळांच्या रांगेवर बोट ठेवलं. मामांनी तो उजव्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. टोलनाक्याशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा ते म्हणाले, "शंभर दिवस मी वरच्या थरातला माल उचलला."

घरी आल्यावर त्यांनी अंगठ्याने त्या झाडावर आडवी रेघ मारली. फोनला त्याचं काही कळलं नाही, पण मला कळलं. दुसऱ्या दिवसापासून मामा सर्वांत वाईट वेळी बोट टोचू लागले. जेवल्यावर बरोबर दोन तासांनी. भात खाल्ला त्या दिवशी तर हटकून. हापूसचं कलम पंधरा दिवसांत बोडकं झालं. पदवी गेली, बागेतल्या मंडळींनी चौकशी केली, तर मामांनी बोडकं झाडही तितक्याच ठसक्यात दाखवलं. खऱ्या आकड्यांवर डॉक्टरबाईने औषध बदललं, ताटातला भात कमी केला आणि हळूहळू एखादं पान धरू लागलं. मशीनवरचा बारीक आकडा मात्र मामांना आता दिसत नाही. ज्याने मायक्रोमीटरवर केसाएवढा फरक पकडला, त्याला तीन आकडे वाचायला मी लागतो. रोज दुपारी तीनला ते मला खिडकीतून हाक मारतात. घरूनच काम करत असल्याने मी जाऊ शकतो, आणि खरं सांगायचं तर मला आता जावंसं वाटतं.

गेल्या महिन्यात मामींचं वर्षश्राद्ध होतं. मामींना आवडायच्या म्हणून माझ्या बायकोने शिरवळ्या, म्हणजे तांदळाच्या शेवया, आणि नारळाचा गोड रस केला होता. मामा बऱ्याच दिवसांनी मनापासून जेवले, रसाची दुसरी वाटीही मागून घेतली. त्या दिवशी झाडावर लागोपाठ सहा दिवसांची पानं होती. सातवा दिवस जमला असता, तर तळातून उचललेल्या आकड्यांचा पहिला आंबा लागणार होता. हे मामा आठवडाभर मोजत होते आणि मीही मोजत होतो. तीन वाजता मी पट्टी लावली. मशीनवर आकडा आला, दोनशे अडुसष्ट.

"किती?" मामांनी विचारलं.

एकशे अडतीस म्हणणं किती सोपं होतं. एका आकड्याने कोणाचं काय बिघडणार होतं? एक फळ लागलं असतं, बाई शाब्बास म्हणाली असती आणि त्या दिवशी मामांना त्या शाब्बासकीची गरज होती, हे मला दिसत होतं. मी मशीनकडे पाहत राहिलो. मला वेळ लागला तेवढ्यावरून मामांनी ओळखलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ना जावईबापू, ना तुम्ही.

"खरा काय ता सांग रे," ते म्हणाले.

मी सांगितलं. मामांनी मान हलवली आणि तसंच भरायला सांगितलं. पान गळलं, चिमणीने मान खाली घातली. मामा मामींच्या फोटोकडे पाहत होते, किती स्पष्ट दिसत होता कोण जाणे.

"ती असती," ते म्हणाले, "तर तिना दुसरी वाटी वाढली नसती."

मग त्यांनी चष्मा पुसला, मला निघायला सांगितलं आणि मी चपला घालत असताना आतून बजावलं, की उद्या तीन वाजता ये, उशीर करू नको.