परातीतले पाय

माझ्या आत्याइतका रागीट माणूस उभ्या लातुरात झाला नाही, आणि लातूर हे काही शांत लोकांचं गाव नव्हे. कुकरची शिट्टी उशिरा झाली तर ती कुकरला झापायची, लवकर झाली तर गॅसवाल्याला. पंख्यावर रागवायची, कोथिंबिरीवर रागवायची, आणि बातम्या सांगणाऱ्या बाईशी तर तिचं रोजचं भांडण होतं. भूकंपानंतर गावात कोचिंगचं पीक आलं तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, घरावर मजले चढवले आणि मुलींचं होस्टेल काढलं. उमरी, भोकर, हिमायतनगर, कुठून कुठून मुली येत. खाली मेस, आणि मेसमध्ये चुलीशी आत्या. मुलीला सोडताना गेटवर डोळे पुसणाऱ्या आईबापांना ती स्वयंपाकघरातूनच ओरडायची, "रडायलाव कशाला? तुमीच आणून सोडायलाव न्हाई का? न्या मग परत." टेस्टमध्ये मार्क कमी पडले म्हणून एखादी न जेवता खोलीत बसली, की ताट घेऊन ही जिना चढायची. "त्या सरावर राग काढ की. भाकरीनं काय केलंय तुजं?" ताट रिकामं होईस्तोवर दारातून हलायची नाही.

मुली तिला टरकून असत आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी मात्र तिच्याच पाया पडायला रांग लावत. तेही तिला खपत नसे. "पाया काय पडायलीस? पेन घेतलीस का? पाणी घेतलीस का?" असं म्हणत, हातातली पोळी न सोडता, ती एकेकीला "सुखी राहा" म्हणायची. ते अशा सुरात, की पोरगी दुःखी राहिली असती तर तिची धडगत नव्हती.

ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. भूकंपात तिचा नवरा गेला, घर गेलं, आणि अण्णा तिला लातूरला घेऊन आले. पुढे सरकारनं वसवलेल्या नव्या गावात तिच्या नावानं एक घर मिळालं. तिथे जाऊन राहायचं, एवढी एकच गोष्ट तिनं आयुष्यात मागितली. दर वर्षी अण्णा म्हणत, "एवढी बॅच होऊ दे, मग जाऊ." एक बॅच जायच्या आत दुसरी यायची. होता होता पहिल्या बॅचमधल्या मुली आपल्या मुलींना सोडायला आल्या, तरी त्या घराचं कुलूप निघालं नाही. कुलूप कसलं, दारच कुणीतरी काढून नेलं होतं. आम्ही सगळे तिला म्हणायचो, "आत्या, हे तुझंच तर घर आहे." ज्याला पगार द्यायचा नसतो त्याला असंच म्हणतात. हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

मी नांदेडला नोकरीला. एका दिवाळीत तिनं मला बाजूला घेतलं. "मला त्ये ईमेल काढून दे."

"कशाला गं?"

"लोणच्याचं बघायचंय."

मी काढून दिला. आत्या आता उद्योजिका होणार, असं सगळ्या घराला कौतुकानं सांगितलं. पासवर्ड ती विसरणार याची खात्री होती, म्हणून शहाणपणा करून तो ईमेल माझ्याही फोनवर चालू ठेवला. मग एके दिवशी ऑफिसात साहेब समोर उभे असताना माझा फोन वाजला. आत्याला कुणीतरी इंग्रजीत लिहिलं होतं, असे आणखी फोटो पाठवा, पैसे देतो, आणि खाली फोटो होता. दोन पाय. फक्त पाय. हळदीकुंकवानं माखलेले, मधे झेंडूचं फूल, आणि पितळी परातीत ठेवलेले.

मला पायांवरून काही ओळख पटली नाही. परातीवरून पटली. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत, आणि आमच्या घराण्यात ती पद्धत जरा जास्तच. परातीच्या काठावर आजोबांचं संपूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका सगळं ठोकून घेतलेलं. ज्या धंद्यात माणसं चेहरा लपवतात, नाव बदलतात, त्या धंद्यात माझी आत्या आजोबांच्या पूर्ण पत्त्यासकट उतरली होती.

मी अर्धा दिवस रजा टाकून लातूरची एसटी धरली. वाटेत मी तिला काय काय बोलायचं त्याची उजळणी केली. आमची अब्रू, माझी मुलगी लग्नाची, गावभर शोभा. शेजारच्या सीटवरचा माणूस माझं पुटपुटणं ऐकून लोह्याच्या थांब्यावर उठून मागे जाऊन बसला.

आत्या कणीक तिंबत होती. त्याच परातीत. मी फोन तिच्यापुढे धरला. ती जराही दचकली नाही.

"चांगला आलाय न्हाई का?"

"आत्या, हे काय चालवलंयस तू? कसल्या नजरेचे लोक विकत घेतात असले फोटो, माहीत आहे का?"

"पोरीच जेवताना बोलू लागल्या, बाहेरदेशात पायाचे फोटो बी इकतात म्हणून. मी म्हणलं, आपल्या पायाला तर उभी बॅच वाकती. तिकडं मोठं माणूस नसंल कुणाच्या घरात, तर फोटोच्या पाया पडत असतील बिचारे."

एवढं बोलून तिनं स्वतःच मला तिची उत्तरं दाखवली. फोनमध्ये बोलून टाकलेली, अस्सल मराठवाडी. एकानं लिहिलं होतं, हळदकुंकू पुसा आणि तळवे दाखवा. त्याला तिचं उत्तर: "आधी हात धुतलास का? आई हाय का तुला? जेवत जा येळेवर. सुखी राहा." दुसऱ्यानं काहीतरी आणखी मागितलं होतं, त्याला तिनं असं काही झापलं होतं की त्यानं हात जोडल्याची खूण पाठवून पळ काढला होता. त्यालाही शेवटी "सुखी राहा" होतंच.

मला हसू येत होतं आणि त्या हसण्याचाही राग येत होता. तेवढ्यात अण्णा आले. त्यांना मी एसटीतूनच फोन केला होता. तेवढं एक केलं नसतं तर बरं झालं असतं.

"घराण्याचं नाव घालवलंस," अण्णा म्हणाले.

आत्यानं कणीक ताटात काढली. परात धुतली, पुसली आणि अण्णांच्या पायाशी नेऊन ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता, ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"नाव परातीवर हाय, दादा. परात तुमची हाय, घ्या. पाय माजे हायत. ह्या घरात दुसरं काय हाय माजं, सांगा."

काहीतरी करायचं म्हणून मी फोटो विकायचं ते खातं बंद करायला तिचा फोन उचलला. फोटो सरकवत गेलो आणि एके ठिकाणी अंगठा थांबला. तळव्यांचा फोटो होता. डाव्या तळव्यावर टाचेपासून बोटांपर्यंत वेडीवाकडी, जाड शिवण.

"हे काय गं?"

"भूकंपाचं हाय. मालकाला हुडकत व्हते. दोन दिस अनवाणी. पत्र्यानं कापलं."

दर दिवाळीला मी त्या पायांवर वाकत आलो होतो. पाया पडणाऱ्याला तळवा दिसत नाही. पण त्या पायावर ती माझ्या डोळ्यांदेखत रोज सकाळपासून चुलीशी उभी होती, आणि एकदा खाली बस म्हणावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. घाण नजरेचे म्हणून मी ज्यांच्या नावानं वाटभर बोटं मोडत आलो, त्यांतल्या एकानं निदान ते बघायला मागितलं होतं. मी खातं बंद केलं नाही. फोन तिच्या हातात दिला आणि नांदेडची एसटी धरली.

त्या बॅचची परीक्षा व्हायच्या आतच आत्या गेली. दोन पातेली, एक तवा आणि आपले पाय घेऊन, त्या बिनदाराच्या घरात. मेसला आचारी ठेवला. तो कुणावरच रागवत नाही आणि मुली अर्धं ताट टाकून उठतात, असं अण्णा सांगतात. फोटोंचा धंदा फार चालला नाही. गिऱ्हाइकाला जेवलास का विचारणाऱ्या बाईचा कुठलाच धंदा चालत नाही.

परवाच्या दिवाळीत तिच्या गावी गेलो. ती उन्हात उंबऱ्यावर बसली होती. घराला नवं दार होतं, निळ्या रंगाचं.

"हे पायांचं," दारावर हात मारून ती म्हणाली. "तुमच्या कुणाचं न्हाई."

मी वाकलो. "सुखी राहा" मिळालं, नेहमीसारखंच दरडावून. मी उठलो नाही.

"आत्या, तळवा दाखव ना."

"त्याला पैसे पडतात."

मी तसाच खाली बसून राहिलो. जरा वेळानं, रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हशीवर ओरडता ओरडता, तिनं डावा पाय माझ्या मांडीवर टाकला.