सुईचं टोक

वर्कशॉपमध्ये तिला सगळे टाकेमावशी म्हणत. देशाच्या पहिल्या अंतराळयानाचं पॅराशूट तिने शिवलं होतं, आणि तिला त्याचा ताठा होता. का नसावा? यान वर पाठवायला शंभर विद्वान होते, पण त्यातून जाणाऱ्या अंतराळवीर मुलीला सुखरूप खाली आणणार होते ते मावशीचेच टाके.

तिथे एक नियम होता. सुई तुटली की दोन्ही तुकडे कार्डावर चिकटवायचे, खाली सही करायची, मगच पुढचा टाका. तीस वर्षांत मावशीने तो एकदाही मोडला नव्हता.

उड्डाणाच्या सकाळी तिने धुवायला काढलेल्या ॲप्रनचा खिसा चाचपला आणि बोटाला अर्धी सुई लागली. मंत्री वर्कशॉप बघायला आले होते त्या दिवशीची! 'आवरा, आवरा' अशी धांदल उडाली, टोक नंतर शोधू म्हणून तिने तुकडा खिशात टाकला, आणि विसरली. ते टोक पॅराशूटच्या घडीत असलं, तर उघडताना कापड टरकन फाटणार.

तिने धावत जाऊन साहेबांना गाठलं.

"साहेब, उड्डाण थांबवा. सुईचं टोक सापडत नाही."

"मावशी, दोन तास उरलेत! अख्खा देश टीव्हीसमोर बसलाय. कार्ड नाही, म्हणजे सुई तुटलीच नाही."

"तुटली. ही बघा."

समोर ठेवलेला तुकडा काही नाकारता येईना. साहेबांनी चरफडत फोन उचलला.

चार दिवस पॅराशूटची घडी न् घडी चुंबकाने तपासली. काही मिळालं नाही. म्हातारीने राईचा पर्वत केला, असं लोक तिच्या तोंडावर बोलू लागले.

पाचव्या दिवशी टोक सापडलं, तिच्याच ॲप्रनच्या शिवणीत. आसपास कुणी नव्हतं. केरात टाकलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, खोटं कशाला बोला! मग तिने दोन्ही तुकडे कार्डावर चिकटवले, सही केली आणि ते साहेबांपुढे ठेवलं.

"म्हणजे उगाचच थांबलो आपण!" साहेबांचा पारा चढला. "उद्यापासून येऊ नका."

यानातून जाणारी मुलगी तिथेच बसली होती. तिने कार्ड उचललं आणि सही नीट वाचली.

"साहेब, पॅराशूटची घडी मावशीच घालतील. नाहीतर मी यानात बसत नाही."

मावशीला रडू फुटलं. डोळे पुसून ती त्या मुलीवरच खेकसली, "बसलीस काय? चल, कापडाची दुसरी बाजू धरायला माणूस लागतं. आणि आधी हात धू."